पावसाळा आणि घरातली वडीलधारी

मृगाचा पहिला पाऊस पडला की कोकणातल्या आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "चाचा, आता बाहेर पडू नका हं." कुठे ते सून म्हणते, कुठे शेजारी, कुठे कुवेतहून फोनवर मुलगा. सगळ्यांच्या मनात काळजीच असते. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं, गल्लीतून लाल पाणी वाहत असतं, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर पुढे काय होतं ते प्रत्येक खानदानाने पाहिलेलं असतं. म्हणून आपण त्यांना घरात बसवतो. बसवतो, आणि आपापल्या कामाला लागतो.

हे वाक्य दोन वर्षांपूर्वी आम्हीही म्हटलं होतं. आमच्या शेजारी एक चाचा राहतात. वय शहात्तर. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर, इंजिनच्या खात्यात गेली. चाचीचा इंतकाल होऊन बरीच वर्षं झाली. दोन्ही मुलं आखातात, घरात सूनबाई आणि नातवंडं. त्या जूनमध्ये मस्जिदच्या पायरीवर चाचांचा पाय घसरला. लागलं काहीच नाही, नुसता कोपर खरचटला. पण आम्ही सगळ्यांनी मिळून फर्मान काढलं, "पाऊस जाईपर्यंत नमाज घरीच पढा." चाचांनी हुज्जत घातली नाही. छत्री दाराच्या मागे टांगली.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हे चार महिने चाचा कोचाच्या एका कोपऱ्यात बसून होते. समोर टीव्ही. पाऊस ओसरल्यावर आम्ही म्हटलं, "चला चाचा, आता उघडलंय." तर ते उठले तेच भिंतीला हात लावून. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरले. बोलणं तुटक झालं होतं, वारांचा घोळ होत होता, जेवण निम्म्यावर आलं होतं. सूनबाई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या तेव्हा आम्हीही सोबत होतो. डॉक्टरांनी तपासलं, रक्त-लघवी पाहिली. फारसं काही निघालं नाही. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे चार महिने काय करत होते?" सूनबाईंनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही जमिनीकडे.

घरी आल्यावर आम्ही एक साधा हिशेब केला. चाचांच्या दारापासून मस्जिद दोनशे पावलं. जायची दोनशे, यायची दोनशे, दिवसातून पाच वेळा. म्हणजे रोजची दोन हजार पावलं. आणि ती नुसती पावलं नव्हती. फजरनंतर ओट्यावर चार माणसांशी बोलणं, असरनंतर हॉटेलातला अर्धा चहा, मगरिबला "तुमच्या मुलाचा फोन आला का?" असं कुणीतरी विचारणं, हे सगळं त्या दोन हजार पावलांत होतं. आम्ही एका वाक्यात ते सगळं बंद केलं आणि त्याच्या बदल्यात टीव्हीचा रिमोट दिला.

तेव्हा या महिन्याचा विषय हाच. पावसाळ्यात घरातल्या वडीलधाऱ्यांचं मन रमवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? 'रमवायचं' हा शब्द आम्हाला फारसा आवडत नाही, कारण रमवतात ते मुलांना. पण दुसरा सापडत नाही.

आधी आमच्या चुका सांगून टाकतो. गेल्या वर्षी जून लागायच्या आधीच आम्ही जोमाने कामाला लागलो. शहरातून एक हजार तुकड्यांचं चित्रकोडं आणलं. दोन दिवस ते जेवणाच्या टेबलावर पसरलेलं होतं, तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी गोळा करून डब्यात भरलं. तुकडे इतके बारीक की चाचांना दिसेनात, आणि दिसले तरी ते जोडून करायचं काय, हा त्यांचा सवाल होता. मग कुणीतरी सुचवलं म्हणून रंग भरायची वही आणि खडूची पेटी आणली. चाचांनी वही हातात घेतली, पानं उलटली आणि नातवाला देऊन टाकली. "तुझ्यासाठी आणलीय, बेटा," म्हणाले. वर्षानुवर्षं जहाजाचं इंजिन सांभाळलेल्या माणसासमोर आम्ही खडू ठेवले होते. त्यांनी आमची लाज राखली, एवढंच.

यातून आम्हाला जे कळलं ते असं. म्हाताऱ्या माणसाला वेळ घालवायला वस्तू नको असते. त्याला समोर दुसरं माणूस हवं असतं, नाहीतर ज्याचा घराला खरोखर उपयोग आहे असं काहीतरी हाताला हवं असतं. यातलं एकही नसेल तर कितीही महागाची वस्तू आणा, ती चौथ्या दिवशी कपाटावर जाते.

दुसऱ्या माणसाचं आधी बोलू. कॅरम बहुतेक घरांत असतोच, निदान माळ्यावर. आमच्याकडचाही माळ्यावरच होता. पावसाळ्यात त्याची एक अडचण होते. लाकूड ओल धरतं आणि सोंगट्या मध्येच अडतात. त्यासाठी बोर्ड भिंतीला उभा टेकवायचा तो स्वयंपाकघराच्या बाजूला, चुलीची ऊब लागेल असा. खेळायच्या आधी कोरड्या कपड्याने पुसायचा आणि वर जुना पिवळा बल्ब तासभर लावून ठेवायचा. पावडर जपून टाकायची. जास्त टाकली तर ती फरशीवर सांडते, आणि फरशीवरची पावडर म्हणजे शेवाळाचीच बहीण. बोर्ड खाली जमिनीवर मांडू नका. गुडघे दुखणारा माणूस एकदा खाली बसला की उठायच्या धास्तीनेच पुढच्या खेपेला नको म्हणतो. बोर्ड टेबलावर, चारही बाजूंना पाठ असलेल्या खुर्च्या, आणि उजेड वरून, अशी मांडणी असली की दोन तास बैठक मोडत नाही.

पण खरी गोष्ट बोर्डाची नाही, रिक्षाची आहे. आमच्या मोहल्ल्यात चाचांच्या वयाचे आणखी तिघे होते. चौघेही आपापल्या घरात कोंडलेले, प्रत्येकाला वाटायचं बाकीचे मजेत असतील. आम्ही सोमवार आणि गुरुवार ठरवले. वेळ जोहर ते असर. त्या वेळी मोहल्ल्यातला रिक्षावाला रिकामा असतो. तो तिघांना दारातून उचलतो, चाचांच्या दारात सोडतो आणि असरनंतर परत नेतो. रिक्षातून उतरताना एक तरणा मुलगा छत्री घेऊन हजर पाहिजे, आणि दुसरा हात आधाराला मोकळा पाहिजे. ही दोन पोरं आम्ही कॉलेजवाल्यांतून पकडली. पहिल्या आठवड्यात ती कंटाळली, दुसऱ्या आठवड्यापासून खेळ बघत थांबायला लागली. महिन्याचं रिक्षाभाडं चार घरांत वाटलं तर एका घराच्या वाट्याला आलं ते त्या घरच्या केबलच्या बिलापेक्षा कमी होतं.

खेळाबाबत एक-दोन गोष्टी स्पष्ट केलेल्या बऱ्या. पैसा अजिबात नको, हे सांगायला नको. पण आमच्याकडे "हरेल त्याने चहा पाजायचा" असं सुरू झालं होतं, आणि ही पैजच झाली की, हे चौघांतल्याच एकांनी लक्षात आणून दिलं. तेव्हापासून चहा सगळ्यांना, तोही डाव संपायच्या आधी. पत्ते आणि फाशांचे खेळ पुष्कळ घरांत पसंत करत नाहीत. जिथे चालत नाहीत तिथे त्यांचा आग्रह धरू नये, दुसरे खेळ काय थोडे आहेत? खडूने रेघा आखून वाघ-बकरी मांडता येते. सागरगोटे बायकांनी लहानपणी खेळलेले असतात. आमच्या फुफीजान ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या हातात पाच सागरगोटे दिले तर पहिले दोन दिवस एकही झेलता आला नाही. तिसऱ्या दिवशी दोन झेलले आणि नातीला म्हणाल्या, "आता तू कर." नातीला एकही जमला नाही. बोटांना आणि नजरेला याहून चांगला व्यायाम आमच्या पाहण्यात नाही. मात्र तो खुर्चीत बसून, समोरच्या टेबलावर गोधडीची घडी टाकून खेळावा. खाली वाकायचं नाही.

आता हाताच्या कामाबद्दल. इथे जरा जपून बोलावं लागतं, कारण 'म्हाताऱ्या माणसाला कामाला जुंपलं' असं कुणाला वाटायला नको, आणि काही घरांत तसं जुंपलेलंही असतं. जुंपणं आणि सोपवणं यात फरक आहे. सकाळी समोर पाच किलो वाल टाकून बाजारात निघून जाणं म्हणजे जुंपणं. "अम्मी, उद्या बिरडं करायचं म्हणते, वाल आज भिजवू का?" असं विचारणं म्हणजे सोपवणं.

वालाचंच उदाहरण घ्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आपल्या घरांत सुकं आणि कडधान्य चालतं. कडवे वाल रात्री भिजवायचे, सकाळी उपसून कपड्यात बांधायचे. पावसाळी गारव्यात मोड यायला उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, एखादा दिवस जास्त धरायचा. मग कोमट पाण्यात टाकले की साल सुटायला लागतं आणि बोटाच्या चिमटीत वाल दाबला की पांढरा दाणा टपकन बाहेर येतो. हे काम दोन माणसांनी समोरासमोर बसून करायचं आहे. एकटीने केलं तर कंटाळा, दोघींनी केलं तर अर्ध्या तासात एक परात होते आणि चार घरांची खबरबात होते. सुकट-जवळा निवडणं, तांदूळ निवडणं, लसूण सोलणं हीही तसलीच कामं. आमच्या ओळखीच्या एका घरात सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून सगळी कामं काढून घेतली होती. वाल सोलायला नजर लागत नाही, बोटं पुरतात. त्या आता दर आठवड्याला सोलायला बसतात, आणि मोड नीट आले नसले तर सुनेला चार शब्द सुनावतातही. सून तक्रार करत आमच्याकडे आली होती. आम्ही तिला मुबारकबाद दिली.

गोधडीचं थोडं वेगळं. त्यासाठी तयारी उन्हाळ्यातच करावी लागते. जुन्या सुती साड्या, लुंग्या, चादरी मे महिन्यात धुऊन कडक वाळवून पेटीत ठेवायच्या, कारण पावसात धुतलेला कपडा पुरता वाळत नाही आणि ओलसर कपड्याची गोधडी कायमची कुबट राहते. धावदोरा घालायला हात थरथरत असला तरी चालतं. टाका वाकडा गेला तर तोच त्या गोधडीचा चेहरा होतो. अडतं ते सुई ओवण्यापाशी. दर वेळी सुई ओवून घ्यायला कुणाला तरी हाक मारायची, त्यापेक्षा नकोच ते, असं म्हणून कितीतरी गोधड्या अर्ध्या राहिल्या आहेत. याला आमच्या शेजारच्या एका खालांनी सुंदर उपाय काढला. नातवाने शाळेत जायच्या आधी दहा सुया लांब दोरा घालून ओवून एका उशीला टोचून ठेवायच्या. दिवसभराची बेगमी होते. एखाद्या दिवशी नातू विसरला तर संध्याकाळी त्याची काय खैर नाही. गोधडी मोठी असेल तर चार जणी चार कडांना बसतात. पुरुषांचा कॅरम सोमवार-गुरुवार, तर बायकांची गोधडी मंगळवार-शनिवार, आणि रिक्षा तीच.

आमच्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि तिला खर्चही नाही. ती म्हणजे त्यांच्याकडून ऐकून घेणं आणि ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवणं.

आज जे पंचाहत्तरीच्या पुढे आहेत त्यांनी बोटीने मुंबई केली आहे. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ला. त्याआधी आपल्या बंदरांतून आगबोटी सुटायच्या. किनाऱ्याला बोट लागत नसे, मचव्यातून जाऊन चढावं लागे, आणि पावसाळा लागला की ती वाहतूकच बंद व्हायची. म्हणजे मेमध्ये मुंबईला गेलेला माणूस पावसाआधी परतला नाही तर घाटातल्या रस्त्याने धक्के खात येणार, नाहीतर दिवाळीपर्यंत तिथेच राहणार. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. भर पावसाळ्यातला तो दिवस होता. ज्यांच्या घरातलं कुणी त्या काळी किनाऱ्यावर होतं, त्यांच्या आई-वडिलांनी ती गोष्ट सांगितलेली असते. आफ्रिकेला गेलेले, केपटाउनला स्थायिक झालेले कोकणी, जहाजांवर खलाशी म्हणून गेलेले, मग सत्तरच्या दशकापासून आखातात गेलेले, हे सगळे रस्ते आपल्या एकेका घरातून निघालेले आहेत. ते पुस्तकात फारसं सापडणार नाही. जे आहे ते कोचाच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडे आहे.

पण विचारायचं कसं? "चाचा, तुमची जीवनकहाणी सांगा," म्हटलं की चाचा म्हणतात, "माझी कसली कहाणी, बाबा?" आणि विषय संपतो. लहान प्रश्न विचारायचा. पहिल्यांदा बोटीवर चढलात तेव्हा पेटीत काय काय होतं? मुंबईत पहिली रात्र कुठे काढलीत? पहिला पगार कितीचा आणि घरी मनिऑर्डर कितीची? आम्ही चाचांना पेटीचं विचारलं. ते म्हणाले, "दोन लुंग्या, एक सदरा, अम्मीने दिलेले तांदळाचे लाडू आणि भावाचे बूट. बूट एक नंबर मोठे होते." आणि त्यानंतर पाऊण तास थांबले नाहीत. ज्या माणसाला वार आठवत नव्हता त्याला त्या बोटीवरच्या सुकाणूवाल्याचं नाव आठवत होतं.

रेकॉर्ड करताना पडवीत बसू नका. पत्र्यावरच्या पावसात काही ऐकू येत नाही, आम्ही पहिलं सगळं बोलणं तसंच वाया घालवलं. माजघरात बसावं, फोन त्यांच्या जवळ उशीवर ठेवावा, वीस मिनिटांच्या वर एका वेळी नको. फाइलला त्यांचं नाव आणि तारीख द्यावी, नाहीतर पुढच्या वर्षी पन्नास फाइलींत कोणती कुणाची ते कळणार नाही. बायकांकडे लग्नातली कोकणी गाणी असतात, हळदीची, मेहंदीची. एकटीला विचारलं तर "विसरले गं" म्हणतात. गोधडीच्या बैठकीत एकीने सुरू केलं की दुसरी पुढची ओळ जोडते. फोन त्या वेळी चालू असला पाहिजे. अर्थात त्यांना विचारून.

आखातातल्या मुलांनाही इथे एक अर्ज आहे. तुमचा फोन येतो, "अब्बा, तबीयत कशी आहे? दवा घेतली? अम्मीला द्या." संपलं. दोन मिनिटं. कुवेत आपल्या अडीच तास मागे आहे, दुबई दीड तास. तुमच्या दुपारच्या सुट्टीत इथे असरच्या आसपासची वेळ असते, वडील बसलेलेच असतात. रोज एक लहान प्रश्न विचारा. उत्तर लांबलं तर लांबू द्या. दवेचं नंतर सूनबाईला विचारा.

टीव्ही आणि मोबाइलवर आम्ही फार बोलणार नाही. दिवसातून तासभर बातम्या पाहिल्या तर काही बिघडत नाही. पण टीव्हीचा आवाज दर महिन्याला एक-एक घर वाढत असेल तर ती टीव्हीची नाही, कानाची खबर आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या ज्या १२ बाबी सांगितल्या त्यांत कमी ऐकू येणं आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे. या दोन्ही एकमेकींना धरून येतात. ज्याला ऐकू येत नाही तो बैठकीत हसतो, मान हलवतो आणि हळूहळू यायचं बंद करतो. आधी डॉक्टरांकडून कानात मळ नाही ना ते बघून घ्यावं. बोलताना समोर बसावं, चेहऱ्यावर उजेड असावा, ओरडू नये, सावकाश बोलावं.

शरीराचंही थोडं. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल सांगते, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम. घरात हे कसं जमवायचं? चाचांच्या माजघरापासून पडवीच्या दारापर्यंत पंधरा पावलं. जाऊन-येऊन तीस. प्रत्येक नमाजच्या आधी दहा फेऱ्या केल्या तर तीनशे, पाच वेळच्या मिळून दीड हजार. मस्जिदच्या दोन हजारांना पाचशे कमी, पण शून्याहून कितीतरी बरे. खुर्चीवर बसून नमाज पढणाऱ्यांनी दिवसातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता आठ-दहा वेळा उठून बसावं. न जमल्यास हात टेकून. खिडकीचा गज धरून टाचा उचलाव्यात. रक्तदाब, चक्कर, नुकतंच झालेलं ऑपरेशन असं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि एक गोष्ट, जी आम्हाला चाचांच्या सूनबाईंनी सांगितली. पावसाळ्यात म्हातारी माणसं पाणी कमी पितात. केवळ तहान लागत नाही म्हणून नव्हे. जुन्या घरांत मोरी-संडास मागच्या अंगणात असतो, तिथवर ओल्या फरशीवरून जायची भीती असते, म्हणून पितच नाहीत. मग लघवीचा त्रास होतो, क्षार कमी-जास्त होतात, आणि माणूस अचानक बरळायला लागतो. घरच्यांना वाटतं वय झालं. अचानक आलेला गोंधळ वयाचा नसतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तिथवरच्या वाटेला काथ्याचं पायपुसणं, भिंतीला धरायला दांडी, रात्री जळता दिवा, आणि वीज जाते म्हणून उशाला बॅटरी. वजूच्या जागी रबरी चटई आणि पाठ असलेलं स्टूल. दोन आठवड्यांच्या वर जेवण-झोप उडाली, कशातच मन लागेना, डोळ्यांत पाणी यायला लागलं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. घरात कुणी दाद घेत नसेल तर ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. तो नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावा.

सूनबाईंचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. वरचं सगळं वाचून कुणी म्हणेल, हे कॅरम, गोधडी, रिक्षा, रेकॉर्डिंग करायचं कुणी? मुलगा परदेशात, नातवंडं शाळेत, घरात एकटी बाई, तिच्यावर आणखी चार माणसांच्या चहाची भर. बरोबर आहे. म्हणूनच आम्ही बैठक एका घरात कायम ठेवली नाही. आठवड्याला घर बदलतं, आणि ज्या घरात बैठक त्या घरच्या सुनेला चहा करायचा नाही. चहा थर्मासमध्ये भरून दुसऱ्या घरातून येतो. ही अट पाळली नसती तर आमची बैठक जुलैतच मोडली असती.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी चाचा छत्री घेऊन मस्जिदपर्यंत स्वतः गेले, काठी टेकत, पण भिंत न धरता. वारांचा घोळ अधूनमधून होतो. सोमवार आणि गुरुवार मात्र चुकत नाहीत.

या वर्षी एक अडचण आली आहे. चौघांतले एक, पैजेची गोष्ट लक्षात आणून देणारे, शाबानमध्ये अल्लाहला प्यारे झाले. जूनच्या पहिल्या सोमवारी तिघे आले आणि चौथी खुर्ची तशीच राहिली. चाचांनी ती काढू दिली नाही. डाव मांडला नाही, नुसता चहा झाला. गुरुवारी चाचांची नववीतली नात त्या खुर्चीवर येऊन बसली आणि राणी तिनेच घेतली. पण तिची परीक्षा येईल, शिकवणी असेल, तिला दर वेळी बसवणं बरं नाही. तेव्हा आमच्या बाजूच्या वाचकांना विनंती, कुणाच्या घरी कॅरम खेळलेले, घरात बसून राहिलेले वडील, चाचा, मामू असतील तर निरोप द्या. रिक्षा आपल्या दारात येईल, छत्री घेऊन मुलगाही येईल.